नवा फ्लोअर टाकला तरी पुन्हा गंजतो: पद्मिनीच्या तळाचं दुखणं मुळातून कसं शोधावं

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा डाव्या बाजूचा फ्लोअर, म्हणजे तळाचा पत्रा, आजवर तीनदा बदलावा लागला. पहिल्यांदा २००९ मध्ये, ठिगळ लावून. दुसऱ्यांदा २०१६ मध्ये, डावीकडचा पुढचा अख्खा पत्रा. २०२१ च्या दिवाळीत साफसफाईला मॅट उचलली, तर पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागी पेंट पुन्हा फुगलेला. अंगठ्याने दाबला तर पापडासारखा मोडला आणि खालची फरशी दिसली.

त्या वेळी मात्र मी लगेच पत्रा कापायला घेतला नाही. पाच महिने गाडी तशीच ठेवली आणि पाणी कुठून येतं तेवढंच शोधलं. सोलापुरात आणि आसपास अजून बऱ्याच पद्मिनी आहेत, त्यांच्या मालकांची हीच तक्रार कानावर येते: "फ्लोअर नवा टाकला होता हो, पण टिकला नाही." म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट. पद्मिनीला जीपसारखी किंवा ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. फ्लोअरचा पत्रा, दाराखालचे दोन पोकळ उंबरे, मधला बोगदा (फ्लोअरच्या मधोमध लांब उंचवटा असतो तो) आणि इंजिन व आतली जागा यांमधली पुढची आडवी भिंत हे सगळं मिळून गाडीचा कणा होतो. त्यामुळे फ्लोअर सडला म्हणजे सीटखाली भोक पडलं एवढ्यावर ते थांबत नाही. दारं लटकू लागतात, लॉक बसत नाहीत, जॅक लावला की उंबरा आत दबतो, आणि सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात बसलेत तोच पत्रा भुसभुशीत होतो. अपघातात सीट जागेवर राहील का, हा प्रश्न त्यातूनच येतो. यावर फायबरचं ठिगळ किंवा पुट्टी मारून देणाऱ्याला गाडी देऊ नका.

सोलापूरसारख्या कोरड्या गावात गंज कसा?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. मुंबईची खारी हवा इथे नाही, कोकणचा पाऊस नाही. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, तोही मोजकाच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, अंगणातली बादली दुपारपर्यंत तापते. मग लोखंड सडतं कसं?

उत्तर मॅटखाली आहे. बाहेरची हवा कितीही कोरडी असो, रबरी मॅट, तिच्याखाली नमदा (दाबलेल्या धाग्यांचा जाड थर), त्याच्याखाली डांबरी शीट आणि मग पत्रा, अशा थरात एकदा वाटीभर पाणी शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. नमदा ते आठवडे न् आठवडे धरून ठेवतो. वरून रबराने झाकलेलं, त्यामुळे उन्हाने उलट वाफ होते आणि तिथेच पुन्हा पत्र्यावर बसते. त्या दोन बोटं जागेत गाडी बारा महिने पावसाळ्यात उभी असते. त्यात आपल्याकडे गाडी धुतात बोअरच्या पाण्याने. नळाला रोज पाणी नसतं, मग दुसरं कुठलं वापरणार? हे पाणी जड, क्षारांचं. ते वाळलं तरी क्षार पत्र्यावर राहतात, आणि पुढच्या वेळी जरा ओल लागली की गंज दुप्पट जोमाने धरतो. नळाखालच्या बादलीला पांढरा थर बसतो ना, तोच थर नमद्याखाली बसतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा फ्लोअर बहुतेक वेळा खालून नाही, वरून सडतो. खाली अंडरकोटिंगचे थरावर थर देऊन काही साधत नाही, कारण पाणी आतल्या बाजूला बसलेलं असतं.

गंज कुठे पडलाय ते वाचा

पत्रा कापायच्या आधी मॅट, नमदा, डांबरी शीट सगळं काढून फ्लोअर उघडा करा. डांबरी शीट उन्हाळ्यात मऊ पडते आणि हातभर लांब चिकट तार सुटते, तेव्हा ती थंडीत सकाळी काढा, छिन्नीने फटाफट तुकडे उडतात. मग गंजाच्या जागांचे फोटो घ्या, खडूने वर्तुळं काढा. घाई करू नका. हा नकाशाच तुम्हाला उत्तर देणार आहे.

पहिली गोष्ट, भोकाची कड बघा. वरच्या बाजूला खड्डा पसरट आणि खाली टाचणीएवढं भोक असेल तर गंज वरून आलाय. उलट असेल, म्हणजे आतला पेंट शाबूत आणि खालून पापुद्रे सुटलेले, तर खालून. मागच्या पिढीचे डेंटर (गाडीच्या पत्र्याचं काम करणारे) हे हाताने चाचपून सांगतात. नव्या माणसाने टॉर्च लावून दोन्ही बाजूंनी बघावं.

मग जागा. पुढच्या भिंतीला लागून वरच्या कोपऱ्यातून ओघळ आलेले असतील तर संशय पुढच्या काचेच्या रबरावर, किंवा वायरी, केबल, स्टीअरिंग जिथे भिंतीतून आत येतात तिथल्या रबरी बुशांवर. तीस-चाळीस वर्षांत ही रबरं दगडासारखी होतात, हात लावला की तुकडे पडतात. ब्रेकच्या बाजूला पेंट नुसता विरघळल्यासारखा निघाला असेल तर ब्रेक ऑइलची गळती बघा. ते पेंट खातं आणि उघडा पडलेला पत्रा मग साध्या दमटपणाने गंजतो.

उंबऱ्याच्या कडेने लांबट पट्ट्यात गंज असेल तर दार बघा. खिडकीच्या काचेवरून पाणी दाराच्या आत उतरणं हे ठरलेलंच असतं, त्यासाठी दाराच्या तळाला छोटी भोकं असतात. ती माती आणि जुन्या पेंटने बुजलेली असतात. शिवाय दाराच्या आतल्या रेक्झिनच्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद असतो, तो पाणी दारातच ठेवतो. कुणी कधी खिडकीचं मशीन दुरुस्त करायला पॅनेल काढलं, कागद फाडला आणि परत लावलाच नाही, की तेव्हापासून पाणी थेट उंबऱ्यावरून आत. पन्नासातल्या चाळीस पद्मिनींत हा कागद नसतो, असं माझा डेंटर म्हणतो आणि मला ते पटतं.

मागच्या सीटखाली गंज असेल तर मागची काच. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात असेल तर डिकीचं रबर आणि टेललॅम्पमागची गॅस्केट. चाकांच्या मागे खालून असेल तर चाकाने उडवलेला चिखल. आपली काळी माती तर मेणासारखी चिकटते. पावसात शेतावर गाडी नेली की चाकाच्या कमानीच्या आतल्या कपारीत तिचा लगदा बसतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालून धुऊन काढायलाच हवा, वरून गाडी चकचकीत करून भागत नाही.

आणि फ्लोअरच्या अगदी मधे, सखल जागी, गोल डबक्यासारखा गंज असेल तर दोनच कारणं. एक, वॉशिंग सेंटरवर पोरं आतून पाइप मारतात. पैसे देऊन आपण स्वतःच गाडीत पाणी भरून घेतो. दुसरं कारण माझं होतं. त्याकडे येतो.

पाण्याची परीक्षा

याला यंत्र लागत नाही. उघडा फ्लोअर पूर्ण वाळवा, त्यावर जुन्या वर्तमानपत्राचे कागद अंथरा, कडांना चिकटपट्टी लावा. कागदावर पाण्याचा एक थेंब पडला तरी वाळल्यावर सुरकुती आणि डाग राहतो, त्यामुळे तुम्ही समोर नसलात तरी साक्ष राहते. काचेभोवती आणि भिंतीवर खडूची पूड हलक्या हाताने फिरवा. पाण्याचा ओघळ त्यात रेघ काढून जातो.

मग एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. पाइप जोरात मारायचा नाही, नुसतं पाणी वाहू द्यायचं. खालून सुरू करा: आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग खिडकीची कड, मग पुढची काच, शेवटी टप. प्रत्येक जागी दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडूनच खाली येतं आणि काहीच कळत नाही. जिथे लोक चुकतात ती जागा हीच: दोन मिनिटं टपावर पाणी मारतात, आत थेंब दिसत नाही, आणि "गाडी टाइट आहे" म्हणून मोकळे होतात. सुकलेल्या रबरातून पाणी झिरपायला वेळ लागतो.

माझ्या गाडीत या परीक्षेत दोन गळत्या सापडल्या. पुढच्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक, आणि मागच्या डाव्या दारात कागद नव्हता ती दुसरी. पण डाव्या बाजूचा पुढचा फ्लोअर, जो तीनदा सडला, त्यावरचे कागद ठणठणीत कोरडे राहिले. दोन रविवार पुन्हा पुन्हा पाणी मारलं. कोरडेच.

मी गाडी घेऊन अक्कलकोट रोडला आमच्या चाचांकडे गेलो. सत्तरीचे डेंटर, मला शाळेच्या दप्तरापासून ओळखतात. त्यांनी फोटो बघितले, गाडीत डोकं घातलं आणि म्हणाले, "पत्रा काय बे, उद्या टाकून देतो. तिन्ही वेळा डावीकडंच का सडलं, ते सांग की आधी."

खरं सांगायचं तर बारा वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. पाऊस काय डावीकडेच पडतो? १९८६ पासून २००७ पर्यंत, एकवीस वर्षं, हाच फ्लोअर एक डागही न पडता टिकला होता. मग २००७ मध्ये काय झालं? आमच्या घरच्या अण्णांनी बाहेरून एसी बसवून घेतला होता. डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला.

तोवर एप्रिल आला होता. कागद नवे अंथरले आणि आईला घेऊन एसी लावून अक्कलकोटला जाऊन आलो. जेमतेम चाळीस किलोमीटर. पावसाचा थेंब नाही, बाहेर भट्टी. घरी येऊन कागद उचलला तर बशीएवढा ओला डाग, आणि त्याच्या मधोमध पाण्याचा पाइप.

एसीच्या गार कॉइलवर हवेतला ओलावा पाणी होऊन साचतो, ते ट्रेमध्ये पडतं आणि बारीक पाइपने गाडीखाली जातं. २००७ मध्ये ज्याने एसी बसवला त्याने पाइपसाठी फ्लोअरला ड्रिलने भोक पाडलं आणि कडेला ना प्रायमर लावला ना रबरी बुश. उघडी कड गंजली. २००९ मध्ये ठिगळ लावणाऱ्याने भोक बुजवलं आणि पाइपाचं टोक आतच, नमद्याखाली, राहिलं. २०१६ च्या नव्या पत्र्याला पुन्हा भोक पाडलं, पण पाइप पत्र्याच्या बरोबरीनेच कापलेला, त्यामुळे पाणी खाली पडण्याऐवजी भोकाच्या कडेने नमद्यात ओढलं जायचं. तिघांनीही आपापलं काम केलं, आणि तिघांचंही लक्ष पाण्याकडे नव्हतं. आमचंही नव्हतं. गाडीत मे महिन्यात दमट, कुबट वास यायचा, तेव्हाच कान टवकारायला हवे होते. ज्यांच्या पद्मिनीला असा नंतर बसवलेला एसी आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तो पाइप बघून यावा.

आता पत्रा

पाणी थांबल्यावर फ्लोअरचं काम. इथे मी सगळ्या पायऱ्या लिहीत नाही, ज्या चुकल्या की फ्लोअर पुन्हा जातो त्याच लिहितो.

कापण्याआधी गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या मजबूत जागी घोड्या (लोखंडी टेकू) लावून उभी करा. फ्लोअरखाली जॅक लावून फ्लोअर कापणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं. दारांच्या फटी पट्टीने मोजून वहीत लिहा. पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, वर, खाली आणि तिरपं माप घ्या. मग दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपची आडवी आणि तिरपी टेकू-पट्टी टाका. एका वेळी एकच बाजू कापा. २००९ मध्ये आमच्याकडे हे काहीच केलं नव्हतं आणि डावं पुढचं दार तेव्हापासून मागच्या कडेला खाली घासतं. ते आता कितीही बिजागरी वाकवली तरी पूर्ण सुधारत नाही.

पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या फ्लोअरखालून जातात, त्या सोडवून बाजूला बांधा. बॅटरीच्या वायरी काढा. पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, आणि वेल्डिंग संपल्यावर तासभर गाडी एकटी सोडू नका. सीटच्या काथ्यात ठिणगी दबून राहते. चॅसिस नंबर जिथे कोरलाय त्या जागेचा आधी फोटो घ्या आणि त्या पत्र्याला ग्राइंडर लावू देऊ नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, तिथे नंबर नीट वाचता आला पाहिजे.

सडलेला भाग किती कापायचा? जिथे पत्रा खणखणीत वाजतो तिथपर्यंत. हातोडीने हळू ठोकत जा, बद्द आवाज आला की तिथे अजून गंज आहे. इथे कंजूषी केली की नवं वेल्डिंग सडक्या पत्र्याला धरतं, आणि पुढच्या वर्षी जोडाच्या शेजारूनच भोक पडतं. कापल्यावर उंबऱ्याच्या पोटात बघायला विसरू नका. आमच्या उंबऱ्यात ओंजळभर गंजाची पूड निघाली. आत सडलेलं ठेवून वरून नवा फ्लोअर जोडला असता तर चौथी वेळ ठरलेलीच होती.

पत्रा कोणता? अशा गाड्यांचा मूळ फ्लोअर साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. २० गेजचा (सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा) सीआर, म्हणजे जस्ताचा थर नसलेला साधा कोल्ड-रोल्ड पत्रा, त्याला जुळतो. सीटच्या बोल्टांखाली १८ गेजची पट्टी द्या. काही जण "मजबूत टाका, १६ गेज टाका" म्हणतात. जाड पत्रा जुन्या पातळ पत्र्याला जोडताना जुना जळून भोकं पडतात, आणि वजन वाढतं ते वेगळंच. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा गंजत नाही म्हणून तो टाका असंही सांगतात. त्याच्या जस्ताचा धूर वेल्डिंग करताना छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो, आणि वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलंच असतं, म्हणजे जोड उघडाच. मी सीआर पत्राच घेतला.

मूळ फ्लोअरला उठाव असतात, लांबट पन्हळी दाबलेल्या. त्या दिसायला नाहीत, ताठपणासाठी आहेत. सपाट पत्रा टाकला तर तो डब्यासारखा वाजतो, पायाखाली लवतो, आणि लवण्याने जोडावरचं सीलर (फट बुजवायचा लेप) तडकतं. चाचांनी लाकडाच्या ठोकळ्यात खाच करून हातोडीने उठाव काढले. एमआयडीसीत प्रेस असलेल्याकडून ते आणखी नीट होतात. मुंबईच्या भंगारातून जुन्या टॅक्सीचा कापलेला फ्लोअर आणायचा मोहही मला झाला होता. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, त्यांचे सुटे भाग अजून फिरतात. दिवे, हँडल, मीटर अवश्य घ्या. फ्लोअर घेऊ नका. समुद्रकाठच्या हवेत वीस वर्षं काढलेला पत्रा, पेंट करून कितीही नवा दिसला तरी आतून खारावलेला असतो.

जोड घेताना गॅसच्या ज्योतीच्या वेल्डिंगपेक्षा सीओटू (विजेवर, तारेने होणारं) वेल्डिंग बरं. गॅसची उष्णता पसरते आणि पत्रा लाटेसारखा वाकतो. नवा पत्रा जुन्यावर बोटभर चढवायचा असेल तर वरच्या पत्र्याला सहा-आठ मिलिमीटरची भोकं दर चार सेंटीमीटरवर पाडून ती वेल्डिंगने भरा, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगसारखा जोड होतो. दोन पत्रे एकमेकांना टेकतात तिथे, जोडण्याआधी, झिंक प्रायमर मारा. नंतर तिथे ब्रश पोहोचणार नाही. दोन पत्र्यांच्या फटीत गंज धरला की तो फुगतो, लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि जोड आतून उचकटतो. एका जागी सलग ओढू नका. दीड-दोन सेंटीमीटर टाका, मग दुसऱ्या टोकाला जा, हाताला गार लागलं की परत या. चाचा या कामात मधे मधे चहा घ्यायचे ते उगाच नव्हतं.

वेल्डिंगनंतरची चूक, जी सगळ्यात जास्त होते

पत्रा जोडला, ग्राइंडर फिरवला, वरून रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) मारला, त्यावर काळं डांबर, त्यावर मॅट. २०१६ मध्ये आमच्याकडे असंच झालं. रेड ऑक्साइड चांगला आहे, पण तो पाणी पूर्ण अडवत नाही, त्यातून ओल आत जाते. आणि डांबर वाळून तडकलं की तडीतून गेलेलं पाणी त्याच्याखाली अडकून बसतं.

क्रम असा हवा. घासून पांढरा केलेला पत्रा थिनरने पुसून त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर. प्रायमर वाळल्यावर प्रत्येक जोडावर, वरून आणि खालून, सीम सीलर. कोऱ्या पत्र्यावर सीलर लावला तर त्याच्याखालून गंज सरकतो. मग पेंट. खालून चाकांच्या मागे दगड लागतात तिथे रबरी कोटिंग. आणि उंबऱ्याच्या पोटात, भोकांतून नळी घालून, मेणाचं कोटिंग. हे शेवटचं काम आपल्याकडे फार थोडे जण करतात, आणि माझ्या मते नव्या फ्लोअरचं निम्मं आयुष्य त्यावर आहे.

नव्या फ्लोअरला सखल जागी पाणी काढायचं भोक ठेवायला सांगा, रबरी बुचासकट. जुन्या मूळ पत्र्याला अशी बुचं असतात, हाताने बनवलेल्या पत्र्यात ती हमखास विसरली जातात. एसीचा पाइप नेताना भोकाच्या कडेला प्रायमर, मग रबरी बुश, आणि पाइप फ्लोअरच्या खाली चार बोटं लोंबता, टोक मागच्या बाजूला तिरकं कापलेलं. नमदा परत घालू नका. मी त्याऐवजी पाणी न पिणारा बंद छिद्रांचा फोम टाकला आणि मॅट चिकटवली नाही, नुसती अंथरली, म्हणजे कधीही उचलता येते.

कामाचा काळ म्हणाल तर जानेवारीतली गड्ड्याची यात्रा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची) उरकली की सुरू करा, मार्चअखेर संपवा. मेमध्ये थिनर उडून पेंटला सुरकुती पडते, आणि जूनच्या हवेत घासलेला पत्रा रात्रभरात तांबडा होतो. माझं काम एप्रिलनंतर अडकलं, म्हणून मी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गाडी शेडमध्ये उभी ठेवली. रेक्झिनचं कव्हर घातलं नाही, त्याखाली घाम येतो. धूळ बसू नये म्हणून जुनी सोलापुरी चादर टाकली. सुती असल्याने तिच्यातून हवा जाते. फक्त ती भिजली की लगेच काढायची.

अण्णा असते तर त्यांना हे दाखवलं असतं. वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मले, आणि त्यांनीच उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी, म्हणून अण्णा तिला "गावची पोरगी" म्हणायचे. तिच्या तळाला बारा वर्षं पाणी मुरत होतं आणि आम्ही वरून पॉलिश करत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

फ्लोअर फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला. मॅटखाली आजही वर्तमानपत्र आहे. सप्टेंबरचा पाऊस झाला की एकदा आणि मेमध्ये एसीची लांबची फेरी झाली की एकदा, असं वर्षातून दोनदा ते काढून बघतो. पहिल्या सप्टेंबरात उजव्या पुढच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग होता: काचेचं नवं रबर नीट बसलं नव्हतं, खाचेत काळा सीलंट भरून घेतला. त्यानंतरचे कागद कोरडे आहेत, डावीकडचे पहिल्यापासूनच.